शिपायाची लेखणी, संपादकाची कात्री

अमेरिकेच्या यादवी युद्धाइतके (1861-65) शिपायांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले युद्ध त्याआधी क्वचितच झाले असेल. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 30 लाख लोक गणवेश चढवून घराबाहेर पडले. उत्तरेच्या गोऱ्या शिपायांपैकी 90 टक्क्यांहून अधिक आणि दक्षिणेच्या शिपायांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना लिहिता-वाचता येत होते. पत्रांवर पद्धतशीर लष्करी सेन्सॉरशिप नव्हती. त्यामुळे सेनापतीची अक्कल, रेशनमधली किडकी बिस्किटे, पुढचा मुक्काम आणि राष्ट्राध्यक्षांचे धोरण अशा सगळ्यावर शिपाई मोकळेपणाने लिहीत. उत्तरेच्या शिपायाजवळ 3 सेंटांचे तिकीट नसले तरी पाकिटावर तशी नोंद करून त्याला पत्र टाकता येई. पैसे घरचे लोक भरत. दक्षिणेत कागदाचा तुटवडा पडला तेव्हा आलेले पाकीट उलटून पुन्हा वापरले जाई आणि लिहिलेल्या ओळींवर आडव्या ओळी लिहून एकाच पानात दोन पाने बसवली जात.

या कागदांतून एक प्रचंड साहित्य उभे राहिले आहे. पत्रसंग्रह, रोजनिश्या आणि आठवणींची पुस्तके दीडशे वर्षांहून अधिक काळ निघत आहेत. या साहित्याबद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. त्यातली सर्वांत गाजलेली पाने नेहमीच सर्वांत विश्वासार्ह असतात असे नाही. कोणी लिहिले याइतकेच महत्त्व कोणी जपले, कोणी छापले आणि छापताना काय गाळले यालाही आहे. हे ध्यानात घेऊन गेल्या चार दशकांत जे संपादन झाले, तीच या क्षेत्राची खरी कमाई आहे.

सर्वांत गाजलेले पत्र घ्या. ऱ्होड आयलंडच्या दुसऱ्या पलटणीतला मेजर सुलिव्हन बलू याने 14 जुलै 1861 रोजी वॉशिंग्टनच्या छावणीत पत्नी सारा हिला उद्देशून ते लिहिले. आठवड्याने, 21 जुलैला, बुल रनच्या पहिल्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्यातून उठला नाही. 1990 साली केन बर्न्स यांच्या माहितीपट-मालिकेत व्हायोलिनच्या सुरांवर हे पत्र वाचले गेले आणि लाखो प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिले. पण मालिकेत ऐकू येते ती त्याची संक्षिप्त आवृत्ती आहे. बलू स्वतः पोरका वाढला होता. आपण मेलो तर आपल्या लहान मुलांच्याही वाट्याला तेच येईल, ही टोचणी पूर्ण पत्रात आहे. कर्तव्य मोठे की हाताशी असलेला संसार, याचा हिशेब तो वकिली काटेकोरपणे मांडतो. कात्री लागल्यावर उरतो तो केवळ प्रियकर. शिवाय बलूच्या हातचे मूळ पत्र आज उपलब्ध नाही, आहेत त्या नकला. पत्र सुंदर आहे यात वाद नाही. पण यादवी युद्धातल्या शिपायाच्या पत्राचा नमुना म्हणून ते पुढे केले जाते, तेव्हा त्या एका सुशिक्षित, वाक्पटू अधिकाऱ्याच्या आड लाखो अडखळत्या लेखण्या झाकल्या जातात.

मृत्यूविषयीची पत्रे हा या साहित्याचा सर्वांत दाट भाग. मेलेल्या सोबत्याच्या घरी कळवण्याचे काम बहुधा त्याच्या शेजारी लढणाऱ्या मित्रावर येई, आणि अशा पत्राचा एक साचाच ठरून गेला होता: तो शुद्धीवर होता, मरणाला तयार होता, देवाचे नाव घेतले, घरच्यांची आठवण काढली. ड्रू फॉस्ट यांनी 2008 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या काळच्या कुटुंबाला माणसाने बिछान्यावर, आप्तांच्या देखत प्राण सोडणे हेच चांगले मरण वाटे, आणि रणांगणाने हिरावलेले ते मरण ही पत्रे शब्दांनी भरून देत होती. म्हणजे साचा खोटेपणातून आला नव्हता, ते एक ऋण होते. जेम्स माँटगमेरी या मिसिसिपीच्या तरुणाने तर 10 मे 1864 रोजी स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत जखमी झाल्यावर वडिलांना स्वतःच पत्र लिहिले. त्या कागदावर त्याच्या रक्ताचे डाग आहेत. चार दिवसांनी तो गेला. त्याच्या पत्रातही तोच क्रम, तीच तयारी आहे. साचा पाठ झालेला माणूस मरतानाही त्यातच बोलतो, आणि म्हणूनच तो साचा समीक्षकाने अभ्यासावा, त्याची टवाळी करू नये.

रोजनिशीला वाचक निर्भेळ सत्य मानतो, पण तिचेही मौन असते. बहुतेक रोजनिश्या खिशात मावणाऱ्या वह्यांत आहेत: हवा, चाललेले मैल, जेवण, पहारा. विल्यम गूल्ड याची रोजनिशी याच जातीची, तरी तिचे मोल विलक्षण आहे. गूल्ड उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनमधला गुलाम. सप्टेंबर 1862 मध्ये तो सोबत्यांसह होडी वल्हवत केप फिअर नदीतून निसटला. 22 तारखेला 'केम्ब्रिज' या उत्तरेच्या युद्धनौकेने त्यांना वर घेतले, आणि नेमक्या त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीची प्राथमिक घोषणा काढली. गूल्ड नौदलात भरती झाला आणि 1865 पर्यंत त्याने वही लिहिली. त्याच्या पणतूने ती 2002 साली प्रसिद्ध केली. नोंदी आटोपशीर आणि कोरड्या आहेत, आणि गुलामीतल्या दिवसांबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. पण काल-परवापर्यंत दुसऱ्याची मालमत्ता असलेला माणूस स्वतःच्या सहीने दिवस मोजतो आहे, हे वाक्यावाक्यातून जाणवते. रोजनिशीच्या रूपालाही सावधपणे घ्यावे लागते. जॉन रॅन्सम याची अँडरसनव्हिलच्या युद्धकैदी छावणीची रोजनिशी 1881 साली छापली गेली आणि अनेक दशके प्रमाण मानली गेली. विल्यम मार्व्हल या इतिहासकाराने मात्र तिच्या अस्सलपणाबद्दलच गंभीर शंका घेतल्या आहेत.

आठवणींच्या पुस्तकांकडे वळताना वर्षे लक्षात ठेवावी लागतात. 'सेंच्युरी' मासिकाने 1884 पासून तीन वर्षे दोन्ही बाजूंच्या सेनानींचे लेख छापले. त्यांची लोकप्रियता अफाट होती. संपादकांनी एक धोरण पाळले: लढाया सांगा, युद्धाची कारणे नकोत. कटुता टाळण्यासाठी घेतलेल्या या निर्णयाची किंमत मोठी होती. गोरे उत्तरी आणि गोरे दक्षिणी एकमेकांच्या शौर्याला दाद देत जवळ आले, आणि ज्या गुलामगिरीसाठी रक्त सांडले ती चित्रातून बाजूला गेली. डेव्हिड ब्लाइट यांनी 2001 च्या ग्रंथात ही प्रक्रिया उलगडली आहे. यापुढे कोणतीही आठवण वाचताना ती ज्या लढाईबद्दल आहे त्या तारखेइतकीच ती लिहिली गेल्याची तारीखही वाचायला हवी.

या कसोटीवर तीन पुस्तके उभी करून पाहू. टेनेसीच्या पहिल्या पलटणीतला साधा शिपाई सॅम वॉटकिन्स याचे 'को. एच' हे 1881-82 मध्ये आधी स्थानिक वृत्तपत्रात आणि मग पुस्तकरूपाने आले. सेनापतींचे डावपेच त्याच्या दृष्टीच्या पलीकडचे. त्याला दिसते भूक, पायांना आलेले फोड, पळपुट्यांना दिलेली शिक्षा. ही बोली, हे कथन आजही ताजे वाटते. मात्र दक्षिण कशासाठी लढली हा प्रश्न तो हळवेपणाने ओलांडून जातो. दुसरे पुस्तक उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट यांचे. दिवाळे निघालेले, घशाच्या कर्करोगाने खंगलेले ग्रँट कुटुंबासाठी लिहीत होते. जुलै 1885 मध्ये, हस्तलिखित हातावेगळे केल्यावर काही दिवसांतच, त्यांचे निधन झाले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथ काढला आणि त्यांच्या पत्नीला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. रणांगणावरच्या हुकमांसारखे स्वच्छ गद्य, आणि शत्रूच्या निष्ठेचा मान राखूनही त्याचा हेतू वाईट होता असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य, यांमुळे हा ग्रंथ आजही त्या पिढीच्या लेखनात अव्वल आहे. तरी एप्रिल 1862 मध्ये शायलो येथे आपण गाफील सापडलो, हे मान्य करायला तेही तयार होत नाहीत. तिसरे पुस्तक दक्षिणेचे तोफखान्याचे अधिकारी एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर यांचे. निकाराग्वात असताना त्यांनी केवळ कुटुंबासाठी मोकळ्या मनाने आठवणी लिहिल्या. 1907 साली छापले ते वेगळे, संयत पुस्तक. गॅरी गॅलगर यांनी 1989 साली ते खासगी हस्तलिखित प्रसिद्ध केले, तेव्हा दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांच्या चुकांवर निर्भीडपणे बोट ठेवणारा अलेक्झांडर प्रथमच समोर आला. एकाच माणसाची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याइतके चांगले प्रशिक्षण या साहित्याच्या वाचकाला दुसरे नाही.

सर्वांत मोठी पोकळी होती ती काळ्या शिपायांची. उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक होते. त्यांतले बहुसंख्य अशा राज्यांतून आले होते, जिथे गुलामाला अक्षरओळख करून देणे बेकायदा होते किंवा प्रत्यक्षात अशक्य होते. तरी लिखाण झाले. मॅसॅच्युसेट्सच्या 54व्या पलटणीतला जेम्स हेन्री गुडिंग न्यू बेडफर्डच्या वृत्तपत्राला नियमित पत्रे पाठवी. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, काळ्याला 10 आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापून. या अन्यायाविरुद्ध त्याने 28 सप्टेंबर 1863 रोजी थेट लिंकन यांना पत्र लिहिले. आपण शिपाई आहोत की मजूर, हा त्याचा प्रश्न होता. समान वेतनाचा कायदा जून 1864 मध्ये झाला. पुढच्याच महिन्यात गुडिंग अँडरसनव्हिलच्या कैदेत मरण पावला. मिझुरीतल्या स्पॉट्सवुड राइस याने सप्टेंबर 1864 मध्ये इस्पितळातून दोन पत्रे लिहिली: एक गुलामीत अडकलेल्या मुलींना धीर देणारे, दुसरे मुलीच्या मालकिणीला, पलटणीसह येऊन मुलगी घेऊन जाईन असे बजावणारे. ही पत्रे टिकली कशी? मालकिणीच्या नातलगाने राइसविरुद्ध तक्रार म्हणून ती सेनापतीकडे पाठवली, म्हणून ती सरकारी दफ्तरात जाऊन पडली. आयरा बर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली काळ्या सैनिकांवरचा दस्तऐवजांचा खंड काढला. त्या खंडाने अशा कागदांना पहिल्यांदा साहित्याचा मान दिला, असे मी मानतो.

सूझी किंग टेलर यांचे 1902 चे आत्मकथनही याच पंक्तीतले. गुलामीत जन्मलेली ही स्त्री काळ्या पलटणीत कपडे धुई, जखमींची शुश्रूषा करी आणि शिपायांना लिहायला शिकवी. तिच्या पुस्तकात युद्ध 1865 साली संपत नाही. 1898 मध्ये आजारी मुलाला लुइझियानातून घरी आणण्यासाठी तिने रेल्वेत झोपण्याची जागा मागितली, ती काळ्या माणसाला नाकारली गेली, आणि मुलगा तिथेच गेला. निवृत्त सैनिक समेटाची गाणी गात असताना तिने हे लिहिले. जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते. त्या मुक्तीसाठी स्वतः बंदूक उचललेल्या माणसांचे शब्द मात्र आपल्याकडे फारसे वाचले जात नाहीत.

अभ्यासाची परंपराही तपासायला हवी. बेल वायली यांनी 1943 आणि 1952 च्या दोन ग्रंथांत प्रथम साध्या शिपायाला केंद्रस्थानी आणले. जेराल्ड लिंडरमन यांनी 1987 साली मांडले की लढाईने शिपायांचे आदर्श झिजवून टाकले. जेम्स मॅकफर्सन यांनी 1997 साली सुमारे 25 हजार पत्रांच्या आधारे उत्तर दिले: ध्येये शेवटपर्यंत टिकली. त्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणी मुद्दाम बाजूला ठेवल्या, आणि आपल्या नमुन्यात काळे, स्थलांतरित व निरक्षर शिपाई कमी पडतात हेही प्रांजळपणे कबूल केले. चँड्रा मॅनिंग यांनी 2007 साली पलटणींची वृत्तपत्रे वाचून दाखवले की युद्ध गुलामगिरीवरून आहे, हे दोन्ही बाजूंचे साधे शिपाई तेव्हाच ओळखून होते. आता अल्पशिक्षित शिपायांची हजारो पत्रे त्यांच्या उच्चारी शुद्धलेखनासह, एक अक्षरही न बदलता, भाषाअभ्यासकांनी संकलित केली आहेत. पूर्वीच्या वारसदार-संपादकांनी शुद्धलेखन सुधारले, शिव्या गाळल्या, शंका पुसल्या. तो काळ संपत आला, ही समाधानाची गोष्ट.

पुढचे काम पेन्शनच्या फायलींत आहे. मुलगा आपल्याला पोसत होता हे सिद्ध करण्यासाठी कित्येक आयांनी त्याची मूळ पत्रेच अर्जाला जोडली आणि ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात राहिली. त्यांना कोणा नातवाने निवडले नाही, कोणा प्रकाशकाने घासूनपुसून दिले नाही. या फायलींचे अक्षरशः आणि तळटीपांसह प्रकाशन होईपर्यंत यादवी युद्धाच्या शिपायाचे साहित्य पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. तोवर वाचकाने एवढे करावे: बलूचे पत्र वाचायचे तर पूर्ण वाचावे, आणि ते मिटल्यावर राइसची दोन्ही पत्रे जरूर वाचावीत.