तांजोंग पगारचे दोन मॉल: एक उजळलेला, एक राहिलेला

सिंगापुरात राहणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांसाठी तांजोंग पगार म्हणजे ऑफिस, शुक्रवारचं कोरियन बार्बेक्यू आणि डोंकीतलं भाजलेलं रताळं. मॉलवरच्या आपल्या एपिसोडनंतर आलेल्या मेलमध्ये एक प्रश्न सारखा दिसला: मॉल नवा केला तर बिघडलं कुठे? आधी कळकट होता, आता स्वच्छ आहे, लोक येतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सिद्धांतात शोधण्यापेक्षा एका एमआरटी स्टेशनाच्या आसपास दहा मिनिटं पायी फिरून शोधू या.

ट्रास स्ट्रीटवर '१०० एएम' उभा आहे. शंभर हा पत्त्यातला नंबर आणि 'एएम' मध्ये अमारा हे मूळ नाव ओळखू येतं. अमारा हॉटेलला लागून असलेलं हे आधीचं अमारा शॉपिंग सेंटर. ऐंशीच्या दशकातलं, ऑफिसातल्या लोकांनी जेवायला आणि औषध घ्यायला जावं असं. मालकाने त्याचं नूतनीकरण केलं आणि २०१२ मध्ये ते नव्या नावाने उघडलं. २०१८ मध्ये तिथे डॉन डॉन डोंकी आली, ऑर्चर्ड सेंट्रलनंतरची सिंगापुरातली त्यांची दुसरी शाखा. तेव्हापासून हा मॉल म्हणजे डोंकीचा मॉल, बाकी सगळं तिच्या आजूबाजूला.

डोंकीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण आजच्या मॉलमध्ये 'आकर्षण' म्हणजे काय हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. छतापर्यंत रचलेला माल, हाताने रंगवल्यासारखे दरफलक, दर काही मिनिटांनी तेच गाणं, आणि रताळ्याचा वास. गोंधळ वाटतो, पण सगळा ठरवलेला आहे. मूळ जपानी कंपनीची ही जुनी पद्धत: माल इतका दाटीने मांडायचा की गिऱ्हाईकाला काहीतरी सापडल्याचा आनंद व्हावा. दादरच्या बाजारात गल्लीबोळांतून फिरताना जे आपोआप होतं ते इथे एसीत, एकाच मालकाच्या हिशोबाने घडवलं जातं. मला ते आवडतं, हे सांगून टाकतो. रविवारी रात्रीही तिथे गर्दी असते, आणि ऑफिसांच्या या भागात सुट्टीच्या दिवशी माणूस दिसणं ही साधी गोष्ट नव्हे.

आता अॅन्सन रोडवर या. दहा नंबरची इमारत, इंटरनॅशनल प्लाझा. १९७६ ची, पन्नास मजली. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. राहणं, काम आणि खरेदी एकाच इमारतीत रचण्याची ही कल्पना आज प्रत्येक बिल्डर नवी म्हणून विकतो. इथे ती पन्नास वर्षांपूर्वी बांधून झाली होती. आत गेलात तर प्रकाश पिवळट, पाट्या वेगवेगळ्या वयाच्या आणि जिने विचित्र ठिकाणी निघणारे. शिंपी, मनी चेंजर, केस कापणारे, छोटे दवाखाने, आठ खुर्च्यांची खाणावळ. कुठल्याही मार्केटिंगवाल्याने ही यादी ठरवलेली नाही, आणि तिचा मुद्दाही तोच आहे.

मग एक उजळला आणि दुसरा तसाच का राहिला? याला अभिरुचीपेक्षा मालकी जास्त कारणीभूत आहे. १०० एएम एका कंपनीचा. तिने ठरवलं की दुकानं रिकामी होतात, भिंती पाडल्या जातात आणि नवे भाडेकरू निवडून आणले जातात. इंटरनॅशनल प्लाझा स्ट्राटा टायटलवर आहे, म्हणजे प्रत्येक गाळा, प्रत्येक ऑफिस आणि प्रत्येक घर वेगळ्या मालकाचं. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगला तुमचे आईबाबा गेले असतील तर हे चित्र समजावून सांगायला नको. लिफ्ट बदलायची तरी मतं मोजावी लागतात. दहा वर्षांहून जुनी इमारत सगळ्यांनी मिळून विकायची, ज्याला इथे एन ब्लॉक म्हणतात, तर मुख्यतः हिश्शाच्या आणि क्षेत्रफळाच्या हिशोबाने ८० टक्के संमती लागते. ती मिळेपर्यंत शिंपी तिथेच असतो. त्याला कुणी जपलेलं नाही, तो मतभेदामुळे टिकला आहे. जुन्या मॉलांबद्दल हळवं लिहिणाऱ्यांना, आणि तसं लिहिणारे आपल्यात खूप आहेत, हे सहसा दिसत नाही. त्या गाळ्यांचे मालकही भल्या रकमेची वाटच पाहत असतात.

तरीही माझी तक्रार आहे, आणि ती १०० एएमपेक्षा 'नूतनीकरण' या शब्दाबद्दल जास्त आहे. हा शब्द इमारतीबद्दल बोलतो आणि माणसांच्या अदलाबदलीबद्दल गप्प बसतो. फुनानचं उदाहरण घ्या. नॉर्थ ब्रिज रोडवरचा हा मॉल म्हणजे वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवाल्यांचा अड्डा. २०१६ मध्ये बंद झाला, २०१९ मध्ये पुन्हा उघडला. आता आत चढाईची भिंत आहे, तळमजल्यावरून सायकलचा मार्ग जातो, वर 'वाइल्ड राइस' या नाट्यसंस्थेचं थिएटर आहे. थिएटर खरोखर चांगलं आहे. पण रॅम बदलून देणाऱ्या छोट्या दुकानांपैकी बरीचशी परतली नाहीत, आणि त्याची नोंद कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

त्याहून बोचरं उदाहरण गोल्डन माइल कॉम्प्लेक्सचं. बीच रोडवरची १९७३ ची ही पायऱ्यापायऱ्यांची इमारत जिला लोक 'लिटल थायलंड' म्हणत: थाई किराणा, थाई जेवण, हात यायच्या बसेस. वास्तुरचनेच्या अभ्यासकांनी आवाज उठवला आणि २०२१ मध्ये तिला संरक्षित दर्जा मिळाला. २०२२ मध्ये ती ७० कोटी सिंगापूर डॉलरला एकगठ्ठा विकली गेली. २०२३ च्या मे महिन्यात भाडेकरू बाहेर पडले. काँक्रीट वाचलं. ज्यांच्यामुळे ते काँक्रीट लोकांना आपलं वाटत होतं ते थाई दुकानदार शहरभर विखुरले. आपण अभ्यासकांनी याकडे जरा अवघडून पाहायला हवं, कारण जतनाची भाषा आपलीच होती. छत, गच्च्या, उतार यांचं वर्णन आपल्याला नीट करता येतं. पहाटेच्या हात यायच्या बसची वाट पाहत बसलेल्या माणसाचं वर्णन संरक्षणाच्या अर्जात कुठे बसवायचं, हे मात्र आपण शिकलेलो नाही.

तुम्हाला हे ओळखीचं वाटलं तर बरोबर आहे. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ ची. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले. पुढे गिरणगावच्या जमिनींचं काय झालं ते तुमच्या घरात कुणी ना कुणी सांगितलं असेलच. १९९१ च्या नियमात जमिनीचा एकेक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी द्यायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. फिनिक्समध्ये मात्र चिमणी ठेवली आहे. लोक तिच्याखाली फोटो काढतात. सुट्टीत मुंबईला गेलात की तुम्हीही काढला असेल, त्यात वाईट काही नाही. पण ती चिमणी काय सांगते? इथे काहीतरी होतं, एवढंच. कुणाचं होतं, हे सांगायला तिच्यापाशी पाटी नाही.

तांजोंग पगारमध्ये अशा चिमण्या पुष्कळ. १९३२ चं रेल्वे स्टेशन, ३० जून २०११ ला शेवटची गाडी सुटली तरी शेती, उद्योग, वाहतूक आणि व्यापाराचे चार पुतळे दर्शनी भागावर तसेच उभे. १९८९ पासून संरक्षित असलेली शॉपहाउसं, खाली सोजू आणि वर जाहिरात कंपन्या. स्टेशनाच्या डोक्यावर २९० मीटरचा गुओको टॉवर, २०१६ चा, पायथ्याशी काचेचं भलं मोठं छत आणि हिरवळ. ही जागा सार्वजनिक वाटते, बसताही येतं. पण दुपारी तिथे डबा उघडून बसलेला माणूस पाहायचा असेल तर मी तुम्हाला शेजारच्या तांजोंग पगार प्लाझाच्या फूड सेंटरला पाठवीन. सरकारी गृहनिर्माण मंडळाची वसाहत, वर म्हाताऱ्या माणसांची घरं, मधल्या मजल्यावर बाजार. तेही डागडुजी करून नीटनेटकं केलेलं आहे, आणि माणसं तीच आहेत. म्हणजे मॉल नवा करताना माणसं बदलावीच लागतात असा काही निसर्गनियम नाही. ही वसाहत आणि हा बाजार टिकावेत असं सरकारने ठरवलं आहे, म्हणून ते टिकलेत.

इंटरनॅशनल प्लाझाचं काय होणार याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. २०१९ पासून नगररचना खात्याची एक योजना आहे: अॅन्सन रोडसारख्या भागातल्या वीस वर्षांहून जुन्या ऑफिस इमारती पाडून किंवा बदलून मिश्र वापराच्या केल्या तर जादा बांधकाम क्षेत्र मिळतं. हेतू चांगला आहे, संध्याकाळी सातनंतर ओस पडणारा भाग राहता करायचा. जवळच शेंटन वेवर गुओकोहून उंच, ३०५ मीटरचा टॉवर चढतो आहे. आणि जी इमारत १९७६ पासून मिश्र वापराचीच आहे, तिच्यावरही या वाऱ्याचा दाब पडणारच.

पँट अल्टर करायची असेल तर डोंकीचं रताळं हातात घेऊन अॅन्सन रोड ओलांडा. पहिल्या खेपेला दुकान सापडणार नाही. वर जाणारा दुसरा जिना घ्या, मागचा.