संत नामदेव-परिवाराच्या काव्यातील करुणा आणि मानवी नाते : एक चिकित्सा

प्रस्तावना :
१७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या परिक्षेत्रात मराठी संतकाव्याची दोन महत्त्वाची स्थळे येतात. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) परंपरेने मानलेले जन्मस्थान नरसी आणि संत जनाबाईंचे गंगाखेड ही ती होत. या परंपरेचे अध्यापन करताना 'संतांनी माणुसकी शिकविली' हे विधान वर्गात व उत्तरपत्रिकांत वारंवार येते. ते खोटे नाही. परंतु ही माणुसकी कोठून आली आणि कोठे थांबली, हे प्रश्न त्यामुळे झाकले जातात. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

करुणेचा उगम :
पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव सर्वपरिचित आहेत. ही कथा चरित्रपरंपरेतील आहे. तिच्याकडे केवळ भूतदयेचा दाखला म्हणून पाहिले जाते. तथापि गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या ६१ पदांपैकी एका पदात हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले गेल्याचा आणि मग देऊळच भक्ताकडे फिरल्याचा प्रसंग आहे. लोकपरंपरा तो औंढा नागनाथाशी जोडते. हे पद शेजारी ठेवून वाचल्यास कुत्र्याच्या कथेचा अर्थ पालटतो. ज्याला स्वतः हाकलले गेले, तो दारी आलेल्या प्राण्याला हाकलत नाही. म्हणजेच नामदेवांची करुणा ही वरून खाली दिलेली दया नसून अवहेलनेच्या अनुभवातून आलेली ओळख आहे.

या ओळखीचा प्रवास लक्षणीय आहे. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे ग्रंथालाच गुरुपद दिले. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्या रचनांसोबत नरसीच्या शिंप्याची पदेही त्या गुरुपदाचा भाग ठरली. पंजाबात पोहोचलेली वाणी या रीतीने गोदाकाठी, आपल्या जन्मभूमीजवळ परतली. धर्म, भाषा व प्रांत ओलांडणारे मानवी नाते येथे पूजाविधीतच सामावले आहे.

करुणेची मर्यादा :
शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम सुरू असताना ते कोसळून संत चोखामेळा मरण पावले. नामदेवांनी तेथे जाऊन ढिगाऱ्यातून विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून चोखोबांच्या अस्थी ओळखल्या, अशी परंपरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गमावलेल्या किल्लारी परिसरातील वाचकाला या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ढिगाऱ्यातून आपले माणूस शोधणे हे नात्याचे अखेरचे कर्तव्य होय. नामदेवांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या सुहृदासाठी केले.

परंतु समाधी झाली ती पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. मित्राची करुणा अस्थींना देवळापर्यंत घेऊन आली. दार मात्र उघडू शकली नाही. ते दार उघडण्यास मे १९४७ मधील साने गुरुजींचे उपोषण आवश्यक ठरले. मध्ये सहा शतके गेली. या अंतराचा उल्लेख टाळून केलेला संतकाव्याचा गौरव अपुरा आहे.

जनाबाईंच्या बाबतीतही हेच दिसते. त्या नामदेवांच्या घरात वाढल्या, अभंगकर्त्या झाल्या. पण स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवीत राहिल्या. त्यांच्या काव्यात दळू लागणारा, शेण्या वेचणारा विठ्ठल आहे. भक्तीचा हा उत्कर्ष आहेच. त्याचबरोबर कष्टात हात लावायला देवाला यावे लागते, यातून घरातील माणसांच्या अनुपस्थितीचेही सूचन होते. आपुलकी होती, समता नव्हती.

येथे असा आक्षेप संभवतो की, आधुनिक समतेचे मोजमाप चौदाव्या शतकाला लावणे अनैतिहासिक आहे. मात्र हे मोजमाप बाहेरून आणलेले नाही. चोखोबांच्या अभंगांतील गाऱ्हाणे त्याच काळातील आहे. दार बंद असल्याची जाणीव त्या काव्यालाच होती.

निष्कर्ष :
१. नामदेवांच्या करुणेचे मूळ उपदेशात नसून अवहेलनेच्या अनुभवात आहे.
२. या करुणेने जात, धर्म व प्रांत यांपलीकडे नाती जोडली. पण सामाजिक रचना बदलण्यास ती एकटी पुरेशी ठरली नाही.
३. म्हणून नामदेवांसोबत चोखामेळा व जनाबाई वाचणे अनिवार्य ठरते. देणाऱ्याच्या शब्दांशेजारी घेणाऱ्याचे शब्द ठेवले, तरच माणुसकी हा शब्द वर्गात पोकळ राहणार नाही.