सामाईकाचें कुंपण

१९६८ सालीं गॅरेट हार्डिन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, सर्वांना खुलें असलेलें कुरण शेवटीं उजाड व्हावयाचेंच; कारण आणखी एक जनावर सोडण्याचा लाभ एकट्याला, आणि हानि मात्र सर्वांत वांटलेली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं १९९० सालच्या ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या ग्रंथांत त्याला उत्तर दिलें, तें शतकानुशतकें टिकलेल्या प्रत्यक्ष व्यवस्थांच्या आधारें.

स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गांवचाच दाखला पाहावा. हिंवाळ्यांत आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसवतील तितक्याच उन्हाळ्यांत डोंगरावरील सामाईक कुरणांत न्याव्या, असा तेथील १५१७ सालचा नियम आहे. मर्यादा ठरविण्यास सरकारी मोजणीदार नको. ज्याचा त्याचा गोठा हेंच माप. नियम मोडणाऱ्यास दंड करणाऱ्या ग्रामाधिकाऱ्याला दंडाची अर्धी रक्कम स्वतः ठेवण्याची मुभा, म्हणजे डोळेझांक केली तर ती त्यालाच महाग पडावयाची! मनुष्यस्वभावाची इतकी मार्मिक पारख कादंबरीकारांतही विरळीच आढळेल.

अशा व्यवस्था टिकण्यामागें बाईंनीं आठ तत्त्वें दाखविलीं आहेत. त्यांतील पहिलें असें कीं, हक्कदार कोण याची सीमा स्पष्ट असावी. आमचा आक्षेप येथें आहे. टोर्बेलच्याच १४८३ सालच्या लेखांत, परक्यानें गांवांत जमीन विकत घेतली तरी कुरणावर त्याचा हक्क नाहीं, असें बजावलें आहे. सीमा कोणीं आखली आणि तिच्याबाहेर कोण राहिलें, याचा विचार बाई ओझरताच करतात.

महाराष्ट्रीय वाचकाला तो तसा सोडून देतां येत नाहीं. महाडचें चवदार तळें म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं ठराव करून अस्पृश्यांस खुलें केलें होतें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथें पाणी प्याले, तेव्हां सवर्णांनीं मारहाण केली, तळ्याची ‘शुद्धि’ केली, आणि त्याच वर्षीं तो ठरावही रद्द झाला. आपली वहिवाट अनादि आहे असा त्यांचा दावा. तो सिद्ध झाला नाहीं, हें मुंबई हायकोर्टानें ठरवावयास १९३७ साल उजाडलें. सीमा होती, स्पष्ट होती, आणि ती राखणारेही दक्ष होते!

नियमांचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना ते बदलण्यांत भाग असावा, असें तिसरें तत्त्व आहे खरें. परंतु गणती सीमेच्या आंतल्यांचीच व्हावयाची असेल तर त्याचा उपयोग काय? फसलेल्या व्यवस्थांच्या प्रकरणांत तुर्कस्तानांतील कोळी आहेत, श्रीलंकेंतील कालवे आहेत. स्वतः उत्तम चाललेली आणि शेजाऱ्याला तहानलेला ठेवणारी व्यवस्था त्यांत एकही नाहीं.