कमाई कोणाची, अधिकार कोणाचा? : पंडिता रमाबाईंच्या एका ग्रंथाचे पुनर्वाचन

पंडिता रमाबाईंचा ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बालविवाह व वैधव्य यांची करुण कहाणी म्हणून तो ओळखला जातो. ही ओळख अपुरी आहे. त्या करुणेच्या मुळाशी रोखठोक आर्थिक विचार आहे. पत्नीने मिळवलेले धनही तिच्या स्वामीचेच, या मनुस्मृतीतील वचनाकडे रमाबाई लक्ष वेधतात. छळ सोसणारी विधवा घर सोडून का जात नाही, याचे उत्तर त्या तिच्या दुबळ्या मनात शोधत नाहीत. हाती पैसा नाही, पोट भरण्याजोगी विद्या नाही, अंगावरच्या वस्त्राखेरीज मालमत्ता नाही. मग तिने जावे कोठे? माणसाला जखडून ठेवण्यास मारहाणच लागते असे नाही, हे या विवेचनातून उमगते. रमाबाईंच्या तीन उपायांत स्वावलंबन प्रथम येते, ते यामुळेच.

ग्रंथाची मर्यादा त्याच्या नावातच आहे. शेतात राबून मिळालेली मजुरी नवऱ्याच्या हाती ठेवणारी स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहते. ही उणीव रमाबाईंनी लेखणीने नव्हे, तर दौंड तालुक्यातील केडगावी प्रत्यक्ष कार्याने भरून काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या. पुढे मुक्ती सदनात शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई हे उद्योग स्त्रियांनी हाती घेतले.

तरीही एक प्रश्न उरतो. कमावती स्त्री स्वतंत्र झाली काय? ग्रंथाचा भर मिळवण्याच्या सामर्थ्यावर आहे. मिळवलेले खर्च करण्याच्या अधिकाराचा विचार आपल्याला पुढे न्यावा लागतो. आज त्याच दौंड तालुक्यात कुरकुंभला आणि शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावला औद्योगिक वसाहती आहेत. तेथे कामाला जाणाऱ्या स्त्रीचा पगार तिच्या खात्यात जमा होईल. पण एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असते? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे.

आपली ख्रिस्ती घरे याला अपवाद आहेत, असे म्हणवत नाही. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांच्यात भेद करीत नाही. तरी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवताना भावांना संकोच वाटतोच असे नाही. विधवेच्या दोन नाण्यांवरील प्रवचने आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु लूकच्या शुभवर्तमानात त्या प्रसंगाच्या अगदी आधी प्रभू येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी सावध करतो, याचा आपल्याला विसर पडतो. तिच्यापाशी दोनच नाणी का उरली, हे विचारल्याशिवाय तिच्या दानाचे कौतुक करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या; पण त्यांचा ग्रंथ हाच प्रश्न विचारतो. म्हणून तो प्रत्येक धर्मग्रामाच्या वाचनालयात असावा आणि पुरुषांनी तो आधी वाचावा.