शिकारीचा मुलूख कोण निवडतो?

मोठ्या शिकारीसाठी परदेशात कुठे जावे, हा प्रश्न कवठे महांकाळच्या माळावर बसून विचारणे काहींना विनोदी वाटेल. इथे अग्रणीला पाणी किती दिवस राहते, हाच मोठा प्रश्न. पण शिकारीचे साहित्य वाचू लागले की लक्षात येते, की शिकारीची गोष्ट बंदुकीच्या बारापासून सुरू होत नाही. ती ठिकाण ठरवण्यापासून सुरू होते. कोणता मुलूख, कोणते जनावर, कोणता हंगाम, परवाना कोणाकडून, हे ठरले की अर्धी गोष्ट लिहून झालेली असते. समीक्षकांचे लक्ष मात्र नेहमी उरलेल्या अर्ध्या गोष्टीकडे जाते: माग, दबा, थरार आणि बार.

प्रस्तुत लेखात मी पहिल्या अर्ध्या भागाकडे पाहणार आहे. कसोटीला तीन साधे प्रश्न घेतले आहेत. ठिकाण कोणी निवडले? तिथे आधीपासून कोण राहत होते? आणि गोष्ट सांगताना त्यांची मोजदाद झाली का?

राजाने जाण्याऐवजी रान आणले

आपल्याकडच्या राजांनी शिकारीसाठी परदेश निवडला, तो निराळ्या रीतीने. कोल्हापूर दरबारात चित्त्यांकडून काळविटाची शिकार करून घेण्याचा मोठा शौक होता. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, गाडीत बसवून त्याला कळपाजवळ न्यायचे आणि टोपी काढून सोडायचे, अशी ती रीत. यासाठी बछडे पाळून भागत नसे. शिकार कशी करायची हे बछडा आईकडून शिकतो, माणूस त्याला ते शिकवू शकत नाही. म्हणून वाढलेला चित्ताच रानातून फासे लावून धरावा लागे. बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीर बादशहाच्या काळी एकदा पिल्ले झाली, तर त्याची आवर्जून नोंद झाली. याचा अर्थ, शेकडो वर्षे दरबारांनी रानातून चित्ते नुसते उचलले, रानाला परत काही दिले नाही.

विसाव्या शतकात इथले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या दरबारांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. दिव्यभानुसिंह यांच्या भारतीय चित्त्यावरील ग्रंथात हा इतिहास सविस्तर आला आहे. काळवीट दख्खनचे, माळ दख्खनचा, शिकारी जनावर तेवढे आफ्रिकेचे! हौस भागवण्यासाठी राजा बोटीने गेला नाही, बोटच त्याच्याकडे आली.

दुसरे उदाहरण ग्वाल्हेरचे. शिंदे घराणे मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. माधवराव शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि पुढे ते श्योपूरच्या रानात सोडले. सिंहांनी गुरे मारली, माणसांवर हल्ले केले आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. हे रान म्हणजे आजच्या कुनोचाच परिसर. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे म्हणून कुनोतून चोवीस गावे उठवली गेली. त्यांत बहुतेक सहारिया आदिवासी होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये सिंह तिथे नेण्याचा आदेश दिला, पण सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आले. आजचा हेतू शिकारीचा नाही, संवर्धनाचा आहे, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तरीही माझा पहिला प्रश्न शंभर वर्षांनंतरही तसाच उभा राहतो. ठिकाण सहारियांना विचारून ठरले नव्हते.

आपणच जेव्हा 'परदेश' होतो

शिकारीसाठी परदेश म्हणजे आफ्रिका, हे समीकरण तसे अलीकडचे. त्याआधी दीडशे वर्षे इंग्रजांचे आणि पुढे अमेरिकनांचे आवडते ठिकाण आपलाच मुलूख होता. स्वातंत्र्यानंतरही हा व्यवहार थांबला नाही, उलट त्याला कंपनीचे रूप आले. १९५० च्या दशकात नागपुरात 'अ‍ॅल्विन कूपर' नावाची कंपनी मध्य भारताच्या जंगलांत परदेशी पाहुण्यांसाठी शिकारीच्या मोहिमा आखत असे. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल तिचे संस्थापक. जंगलाचे शिकारीसाठी ठरावीक तुकडे पाडलेले असत. त्या तुकड्याचा परवाना ठरावीक दिवसांसाठी मिळे. पाहुण्याला तंबू, खानसामा, मचाण, बांधलेला रेडा आणि हाकारे असे सगळे तयार मिळे. पाहुणा पैसे मोजत असे ते मुख्यतः खात्रीचे. वाघ दिसेल आणि टप्प्यात येईल, याची खात्री.

ही खात्री ज्यांच्या जिवावर मिळे, ते हाकारे आणि माग काढणारे गोंड, कोरकू, बैगा होते. पाहुण्याच्या भिंतीवर वाघाचे डोके आले, पुस्तकात फोटो आला. हाकाऱ्यांचा उल्लेख आला तो बहुधा समूह म्हणून, नावाने नव्हे.

१९७० च्या सुमारास वाघाची शिकार देशभर बंद झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद झाली. तेव्हापासून हौशी शिकाऱ्यापुढे परदेश हाच एक रस्ता राहिला.

आजची निवड कशी होते

आजचा धनिक शिकारी ठिकाण निवडतो, तेव्हा तो खरे तर कायदे निवडत असतो. केनियाने १९७७ मध्येच शिकार बंद केली, म्हणून तो देश यादीतून जातो. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०१९ मध्ये उठवली. टांझानिया, नामिबिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका इथे परवाने मिळतात. पुढचा विचार जनावराचा: म्हैस हवी, कुडू हवा की सिंह. दर दिवसाचा आकार वेगळा, मारलेल्या जनावराचा आकार वेगळा. सोबत परवानाधारक व्यावसायिक शिकारी. कातडे-शिंगे मायदेशी नेता येतील की नाही, हे वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार आणि त्या त्या देशाचा कायदा ठरवतो; भारत १९७६ पासून या करारात आहे. ज्याला वेळ कमी आणि खात्री जास्त हवी, त्याच्यासाठी दक्षिण आफ्रिकेत कुंपणात वाढवलेले सिंहही असतात. नागपूरच्या बांधलेल्या रेड्याची ही पुढची पायरी.

या व्यवहाराच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा करून गावसमूहांना आपल्या हद्दीतील वन्यजीवांवर हक्क दिला. शिकारीचा पैसा गावापर्यंत पोहोचू लागला, तेव्हा हत्तीने शेत तुडवले तरी हत्ती टिकावा असे वाटायला गावाला कारण मिळाले. जिथे गाव स्वतः निर्णय घेते, तिथे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान काही अंशी समाधानकारक आहे. याउलट टांझानियातील लोलिओंडो पाहा. १९९२ पासून तिथल्या शिकारीचे हक्क परदेशी धनिकांशी जोडलेल्या कंपनीकडे गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या मसाईंना २००९ मध्ये आणि पुन्हा त्यानंतरही हुसकावले गेले. दोन्हीकडे शिकारच आहे. पण एके ठिकाणी गुराखी यजमान आहे आणि दुसरीकडे अडथळा.

२०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला, तेव्हा जगभर हळहळ झाली. सिंहाला नाव होते म्हणून ती झाली. माझा तिसरा प्रश्न नेमका नावाचाच आहे.

तीन पुस्तके, तीन मोजदादी

पॅटरसनचे त्सावोच्या नरभक्षक सिंहांवरचे पुस्तक १९०७ चे. युगांडा रेल्वेच्या पुलाचे काम १८९८ मध्ये चालू असताना दोन सिंहांनी मजुरांचे बळी घेतले. हे मजूर आपल्याकडून, मुख्यतः पंजाबातून गेलेले. पॅटरसन अठ्ठावीस हिंदी मजुरांची मोजदाद देतो. मेलेल्या आफ्रिकी लोकांची नोंदच ठेवली गेली नव्हती, असे सांगून पुढे जातो. पुढे त्याने एकूण आकडा १३५ वर नेला. संशोधकांनी सिंहांच्या केसांचा आणि हाडांचा अभ्यास करून २००९ मध्ये सुमारे ३५ चा अंदाज मांडला. आकडा कोणताही धरा. सिंहांची कातडी १९२४ मध्ये शिकागोच्या संग्रहालयाने विकत घेतली आणि तिथे ते सिंह आजही उभे आहेत. ज्यांची नोंद ठेवलीच नव्हती, त्यांचे काय, याचे उत्तर त्या काचेमागे मिळत नाही.

हेमिंग्वेचे 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका' १९३५ चे. त्यात सगळी धडपड कुडूच्या शिंगांसाठी आहे, आणि शेवटी सोबत्याची शिंगे मोठी निघाल्याची सल आहे. लेखक स्वतःच्या हेव्याबद्दल प्रामाणिक आहे, हे त्या पुस्तकाचे बळ. पण माग काढणाऱ्या माणसांना तो स्वतःच टोपणनावे ठेवतो. एकाच्या पापण्या खाली ओघळलेल्या म्हणून तसे नाव, दुसरा नाटकी म्हणून त्याला एका इंग्रज नटाचे नाव. गोष्ट रंगते, माणूस हरवतो.

कॉर्बेटचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ चे. इथे ठिकाण शिकाऱ्याने निवडलेलेच नाही. गावावर आलेल्या संकटाने ते ठरवले. चंपावतच्या वाघिणीने ४३६ बळी घेतल्याची नोंद होती. तिच्यामागे जाण्यापूर्वी कॉर्बेटने घातलेली अट मला फार महत्त्वाची वाटते: जाहीर झालेले इनाम रद्द करा आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवा. हौस आणि पैसा दोन्ही बाजूला काढल्यावर उरते ते काम. म्हणूनच त्याच्या पानांत गावे आहेत, वाटा आहेत, बोलणारी माणसे आहेत. मराठी वाचकाने कॉर्बेटला आपलेसे केले, त्याचे कारण वाघापेक्षा ही माणसे असावीत.

हाच कॉर्बेट १९४७ मध्ये केनियात जाऊन राहिला आणि १९५५ मध्ये तिथेच वारला. त्याच काळात, १९४८ ते १९५४, आपल्या औंधचे अप्पासाहेब पंत नैरोबीत भारताचे आयुक्त होते. सफारीचा देश म्हणून जग ज्याला ओळखत होते, तिथे त्यांनी आफ्रिकी नेत्यांशी संबंध जोडले. गोऱ्या वसाहतवाल्यांना ते रुचले नाही. एकाच मुलखाकडे जाण्याच्या किती वाटा असतात, हे यावरून दिसते.

शेजारच्या तालुक्यातला लेखक

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) याच औंध संस्थानातल्या माडगूळचे, म्हणजे आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातले. बंदूक घेऊन रानोमाळ हिंडलेला हा लेखक पुढे नागझिऱ्यात राहिला तो पाहण्यासाठी. 'नागझिरा' आणि वानरांच्या टोळ्यांवरचे 'सत्तांतर' (१९८२) ही त्याची फळे. समीक्षेत याला 'शिकारी ते निसर्गप्रेमी' असे परिवर्तन म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अपुरे वाटते. माणदेशी माळाने त्यांना शिकवलेली नजर दोन्हीकडे तीच आहे: पावलाचा ठसा, वाऱ्याची दिशा, न हलता बसणे. 'बनगरवाडी'तल्या धनगरांकडे पाहणारी नजरही तीच. बदलले ते एवढेच, की पाहून झाल्यावर काही घेऊन जायचे नाही असे ठरले. म्हणून माडगूळकरांच्या लेखनात मुलूख 'निवडलेला' वाटत नाही, तिथल्यांचाच राहतो.

पण ही नजर मुळात कोणाची? माळावरच्या जनावराचे सर्वात बारीक ज्ञान फासेपारध्यांकडे होते. दरबाराचे चित्ते तेच धरत. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना कामावर घेऊन, विश्वास टाकून माणसांत आणले. पण ते अपवाद. बाकी कायद्याने १८७१ पासून अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली होती. राजाने काळवीट मारले की ती शिकार, साहेबाने मारले की ते क्रीडाकौशल्य, पारध्याने मारले की ती चोरी. क्रिया एक, शब्द तीन. आपल्या साहित्यानेही हे तीन शब्द फारसे न तपासता वापरले.

१९५२ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवावे. त्या वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. चित्ता सत्तर वर्षांनी विमानाने परत आला. पारध्याच्या कपाळावरचा शिक्का कागदावरून गेला, गावाच्या नजरेतून अजून गेलेला नाही. कुठे चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो, हे या भागात कोणाला सांगायला नको.

आमच्या तालुक्यात म्हैसाळचे पाणी आले, माळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. दुष्काळ सोसलेल्या माणसाला हे नको कसे वाटेल? पण उरलेले गायरान कागदोपत्री 'पडीक' असते, आणि त्याच पडिकावर मेंढपाळाची मेंढरे आणि लांडगा दोघेही जगतात. लांडगा मेंढरू नेतो, धनगर शिवी देतो, तरी त्याला लांडग्याच्या वाटा ठाऊक असतात. हे ज्ञान कोणत्याही शिकारकथेइतकेच मोलाचे आहे आणि ते लिहिले जात नाही.

परदेशी शिकारीची वर्णने यापुढे मराठीतही येतील. पैसा आला की हौस येतेच. ती वाचताना थराराला दाद जरूर द्यावी, पण लेखकाने माग काढणाऱ्याचे नाव दिले आहे का आणि गुरे कोणाची चरत होती हे सांगितले आहे का, तेही पाहावे. आणि संशोधकांनी कोल्हापूर, सांगली, जत, औंध या संस्थानांच्या दप्तरांतले शिकारखान्याचे खर्च आता बारकाईने वाचावेत. जनावरांच्या आणि सरंजामाच्या रकमांशेजारी पारध्यांची आणि हाकाऱ्यांची नावे, मजुरी, बक्षीस अशा नोंदी शोधाव्यात. जिथे सापडतील, तिथे त्या नावानिशी छापाव्यात. मराठी शिकारसाहित्याचा इतिहास त्या नावांशिवाय पुरा होणार नाही.