राखलेला पांढरा

पलंगाला पाठ घासत एक माणूस खाली कोसळला आहे. अंगात झोपायचा सदरा, डोक्याला रात्रीची टोपी, पाय उघडे. पडताना पलंगावरची चादरही त्याच्यासोबत ओढली गेली आहे. डोळा आधी त्या पांढऱ्यावरच ठरतो आणि मग दिसतं, की त्याच्या अंगाखाली एक तान्हं मूल चिरडलं आहे. डावीकडे अंधारात एक बाई पडली आहे. उजव्या कडेला एका म्हाताऱ्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसतात.

फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमियेचं हे १८३४चं शिळाछाप चित्र. नाव म्हणून पॅरिसमधल्या एका गल्लीचं नाव आणि तारीख, एवढंच: 'र्‍यू त्रांसनोनें, १५ एप्रिल १८३४'. राजा लुई-फिलिपच्या राजवटीविरुद्ध उठाव झाला होता. १२ नंबरच्या घरातून गोळी आली म्हणून सैनिक आत घुसले आणि दिसेल त्याला मारत सुटले.

चित्रात मात्र सैनिक नाही, बंदूक नाही. १८३१मध्ये याच दोमियेने राजाला अधाशी राक्षस करून दाखवलं होतं आणि त्यापायी तुरुंगही भोगला होता. विडंबन त्याच्या हातचा मळ. इथे त्याने एकही नाक लांबवलेलं नाही. मारेकऱ्यांचे चेहरे दिसले असते, तर त्यांच्यावर राग काढून आपण मोकळे झालो असतो. ती सोय तो ठेवत नाही.

शिळाछापात पांढरं राखावं लागतं. दगडावर तेलकट खडू फिरतो तिथेच शाई धरते, बाकी कागद कोरा. तो सदरा म्हणजे दोमियेने जवळजवळ हात न लावता सोडलेला दगड! भोवतीचा काळोख त्याने थरावर थर देत वाढवला, म्हणून हे कोरेपण सोसत नाही. आणि देहाचं ते वजन! दोमिये राजकारण्यांचे मातीचे अर्धपुतळे घडवत असे. तो हात इथे जाणवतो. पुढे 'तिसऱ्या वर्गाचा डबा' या रंगचित्रात टोपलीवर हात ठेवून बसलेली म्हातारी याच हाताने बसवली आहे. तिथे तिची कीव केलेली नाही. मला तर तो चित्रकार म्हणून या शिळाछापातच पूर्ण दिसतो, जरी त्याच्या रंगचित्रांचं मोठं प्रदर्शन १८७८मध्ये, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी भरलं.

हे चित्र निघालं वर्गणीदारांसाठीच्या मासिक मालिकेत; वृत्तपत्रांवर लादलेले सरकारी दंड त्या वर्गणीतून भरायचे होते. पोलिसांनी दगड जप्त केला, हाती लागल्या तेवढ्या प्रतीही नेल्या. ज्या सुटल्या, त्यांतून आज आपण ते पाहतो.