'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आणि फुटलेली राज्ये

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण करून. भोर-वेल्ह्याकडे हे पुस्तक वाचून दाखवताना या पानावर कुणीतरी मला अडवतोच : "ते युद्ध गुलामांसाठी नव्हतं हो, राज्यांच्या हक्कांसाठी होतं." म्हणजे फुले भाबडे!

फुटलेल्यांचेच कागद पाहावेत. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून बाहेर पडले आणि चार दिवसांनी त्याने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात जकातीची तक्रार नाही. तक्रार आहे ती उत्तरेकडची राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत, उलट केंद्राच्या कायद्याला आडवे येणारे कायदे करतात, ही. उत्तरेने राज्याचा हक्क बजावला, हाच दक्षिणेचा राग! मिसिसिपीने तर आपली बाजू गुलामीच्या संस्थेशी एकजीव असल्याचे सुरुवातीलाच सांगून टाकले. बाहेर पडलेल्यांनी जी नवी राज्यघटना केली, तिने गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा करण्यास बंदीच घातली. याहून साक्ष ती कोणती हवी?

फुल्यांवर आक्षेप घ्यायचाच तर तो निराळा आहे. दक्षिण तुटली का आणि उत्तर लढली का, हे दोन प्रश्न. गुलामी जिथे आहे तिथे तिला हात लावणार नाही, असे लिंकन मार्च १८६१ मध्ये सांगत होते. गुलाम बाळगणारी चार राज्ये संघराज्यातच राहिली. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामाही बंडखोर मुलखापुरताच होता. अर्पणपत्रिकेत युद्धाच्या अखेरीचा उजेड त्याच्या आरंभावरही पडला आहे. पण पहिल्या प्रश्नाचे फुल्यांचे उत्तर चोख आहे, आणि आक्षेपकांचे नेमके तेच चुकते.

मऊ शब्दांची ही सवय आपल्या घरचीही आहे. पेशवाईच्या कागदांत 'कुणबीण' म्हणजे विकत घेतलेली, बक्षीस दिलेली दासी. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला हा शब्द वाचला की डोळ्यांपुढे येते ती खाचरात भात लावणारी बाई. मोडी मी स्वतःच शिकलो, तेव्हा कितीतरी दिवस मीही तसेच वाचत होतो. एका नोंदीत शब्दापुढे रुपयांचा आकडा दिसला, आणि मागची सगळी पाने पुन्हा काढून बसावे लागले.